खानदेशात घडलेला ‘रेसिडेंट’ : सर जेम्स औट्रम

दीपनगर - वीजनिर्मिती केंद्राच्या धुराड्यांकडे पाठ करून उत्तरेला पाहिले, की तापीच्या पलीकडे यावल-रावेरचा सपाट मुलूख आणि त्यामागे सातपुड्याची निळसर रांग दिसते. दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर. या दोन रांगांमधल्या पट्ट्यात आज केळीच्या बागा, कापसाची शेते आणि महामार्गावरची अखंड वाहतूक आहे. दोनशे वर्षांपूर्वी मात्र येथून प्रवास करणारा व्यापारी सोबत हत्यारबंद माणसे घेतल्याखेरीज निघत नसे. गावेच्या गावे ओस पडली होती. हा मुलूख ‘शांत’ करण्यासाठी १८२५ मध्ये बावीस वर्षांचा एक लेफ्टनंट धरणगावला येऊन राहिला. त्याचे नाव जेम्स औट्रम.

चित्रपटाच्या रसिकांना हे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असेल. सत्यजित राय यांच्या १९७७ च्या ‘शतरंज के खिलाडी’मध्ये रिचर्ड ॲटनबरो यांनी रंगविलेला, नवाब वाजिद अली शाहला गादीवरून उतरविणारा लखनौचा रेसिडेंट तो हाच. धरणगाव ते लखनौ हा त्याचा तीस वर्षांचा प्रवास. शेजारच्या राज्यात शांतता राखण्याचे निमित्त करून बलाढ्य सत्ता आपले सैन्य कसे ठेवते, आणि त्या सैन्यामागोमाग काय येते, याचा तो जवळजवळ संपूर्ण आलेख आहे. औट्रमविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. खानदेशाने तरी त्याला विसरू नये. कौतुकासाठी नव्हे, तर त्याच्या कारकिर्दीचा पहिला धडा येथेच गिरविला गेला म्हणून.

औट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात झाला. वडील बेंजामिन औट्रम हे कालवे आणि घोड्यांनी ओढायचे रूळमार्ग बांधणारे नामांकित अभियंता. १८०५ मध्ये ते अकाली वारले आणि कुटुंब कर्जात सापडले. आई स्कॉटिश. तिने मुलांना घेऊन ॲबर्डीन गाठले आणि काटकसरीत त्यांना वाढविले. त्याला धर्मोपदेशक करायचे, असे घरात ठरत असताना जेम्सने सैन्याची वाट धरली. १८१९ मध्ये, सोळाव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीचा कॅडेट म्हणून तो मुंबईत उतरला. अंगकाठी इतकी लहान, की लष्करात तो चेष्टेचा विषय होई. पगारातून वाचविलेला पैसा आईला पाठविणे हा मात्र त्याचा पुढे कित्येक वर्षांचा नेम होता.

तो आला त्याच्या आदल्याच वर्षी पेशवाई बुडाली होती. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला तो रक्त सांडूनच. थाळनेरच्या किल्लेदाराला सर थॉमस हिस्लॉप याने फासावर चढविले आणि किल्ल्यातील शिबंदीची कत्तल झाली. या प्रकाराबद्दल खुद्द इंग्लंडमध्येही प्रश्न विचारले गेले. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला ठाणे मांडून कारभार सुरू केला. पण ज्या प्रदेशाचा कारभार हाती आला तो आधीच उद्ध्वस्त होता. शतकाच्या आरंभी होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या फौजांनी तो तुडविला होता आणि १८०३-०४ च्या दुष्काळाने उरलेसुरले माणूस पळविले होते. डोंगरातले भिल्ल नाईक पूर्वी गावांची रखवाली करीत, घाटांवर पहारा ठेवीत आणि त्याबद्दल ठरलेले हक्क घेत. मराठी राज्याच्या अखेरच्या दिवसांत ती व्यवस्था मोडली. हक्क बुडाले तसे नाईकांनी ते लुटीने वसूल करायला सुरुवात केली. इंग्रजी दप्तरात या साऱ्यांना सरसकट दरोडेखोर म्हटले आहे. ती नोंद जशीच्या तशी स्वीकारण्याचे कारण नाही.

ब्रिग्जने एकीकडे नाईकांना तनखे देऊ केले, घाटांची रखवाली पुन्हा त्यांच्याकडे सोपविली आणि दुसरीकडे डोंगरांत फौजा पाठविल्या. फौजांनी पाडे जाळले, काही नाईक फाशी गेले. एक टोळी मोडली की दुसरी उभी राही. तापाने सैनिक मरत ते वेगळेच. १८२५ मध्ये बागलाणातील शेवराम याने साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाची बनावट कागदपत्रे दाखवून मोठा जमाव जमविला आणि मुल्हेरचा किल्ला बळकावला. हे बंड मोडण्यासाठी गेलेल्या तुकडीचा म्होरक्या औट्रम होता. रात्रीची कूच करून त्याने पहाटे किल्ल्यावर हल्ला चढविला आणि जमाव पांगविला. या कामगिरीने तो मुंबई सरकारच्या नजरेत भरला.

मुंबईचा गव्हर्नर तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. सात वर्षे बळाचा वापर करून हाती काही लागत नाही, हे त्याने ओळखले होते. त्याने खानदेशासाठी तीन भिल्ल एजन्सी नेमल्या. वायव्येची कुकरमुंड्याला, दक्षिणेची कन्नडला आणि ईशान्येची धरणगावला. कन्नडला कॅप्टन ओव्हन्स होता. हे नाव ध्यानात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे. ओव्हन्सकडे भिल्लांना जमिनी, बैल, बियाणे आणि तगाई देऊन शेतीला लावण्याचे काम होते. औट्रमला सांगण्यात आले ते याहून अवघड होते. ज्यांच्याविरुद्ध लढायचे, त्यांचीच पलटण उभी करायची.

त्याने काय केले, याची हकीकत लष्करी खाक्याला न शोभणारी आहे. प्रथम त्याने डोंगरात एक छापा घातला आणि हाती लागलेल्यांतील काहींना सोडून देऊन त्यांच्यामार्फत बोलणी सुरू केली. मग पहारा न घेता तो पाड्यांवर जाऊन राहू लागला. त्यांच्यात बसे, त्यांच्या शेकोटीशेजारी झोपे, त्यांच्याबरोबर शिकारीला जाई. पहिल्याने हाती आले ते अवघे नऊ जण. ही सरकारची चाल आहे, सगळ्यांना एकत्र जमवून दगा होईल, अशा वावड्या उठत आणि भरती झालेले रातोरात पसार होत. औट्रम पुन्हा डोंगर चढे. काही महिन्यांत साठेक माणसे टिकली. वर्ष-दोन वर्षांत संख्या तीनशेवर गेली आणि पुढे सहाशेच्या आसपास पोचली. खानदेश भिल्ल पलटण म्हणून जी ओळखली गेली, ती हीच.

या साऱ्यात मालेगावचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. नवशिके भिल्ल शिपाई मालेगावच्या छावणीत नेले, तेव्हा तेथील उच्चवर्णीय शिपाई त्यांना कसे वागवितील, याची औट्रमला धास्ती होती. एकाने जरी शिवी दिली असती तरी सगळी मेहनत वाया गेली असती. प्रत्यक्षात औट्रमच्या स्वतःच्या पलटणीतले शिपाई भिल्लांच्या तळावर गेले आणि त्यांनी त्यांना पानसुपारी दिली. पानसुपारी कोणी कोणाला द्यायची, याचे त्या काळचे नियम ठाऊक असणाऱ्यांना या घटनेचे मोल वेगळे सांगायला नको. आपल्याला माणूस म्हणून वागविले गेले, ही गोष्ट डोंगरात पगाराच्या बातमीपेक्षा लवकर पसरली असावी.

शिकारीच्या गोष्टी तर पुष्कळ आहेत. दरीतल्या एका वाघावर नेम धरता येईना, तेव्हा भिल्लांनी आपली मुंडाशी एकमेकांना बांधून औट्रमला झाडावरून खाली लोंबकळत सोडले आणि त्याने तशा अवस्थेत वाघ मारला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत खानदेशात १९१ वाघांच्या शिकारीला तो स्वतः हजर होता, अशी नोंद आहे. हा आकडा त्या काळी अभिमानाने छापला गेला. आज वाचताना सातपुड्यातल्या वाघांचे पुढे काय झाले, हा विचार मनात येतोच. त्या वेळी मात्र वाघ मारणारा साहेब ही भिल्लांच्या लेखी खरी पत होती.

पलटण तयार झाली आणि तिचा उपयोगही लगेच सुरू झाला. १८३० मध्ये औट्रमने तिच्यासह डांगच्या जंगलात मोहीम काढली आणि तेथील राजांना नमविले. तोवर इंग्रजांची फौज त्या जंगलात फारशी शिरली नव्हती. त्यांना वाटा दाखविणारेच नव्हते. आता भिल्लच भिल्लांविरुद्ध वाटाडे आणि शिपाई झाले होते. पुढच्या वर्षी यावल-रावेरच्या बाजूला दरोड्यांचा छडा लावताना त्याने शेकडो लोकांना पकडले. गावांचे पाटील-कुळकर्णी रात्री निर्धास्त झोपू लागले. नांगरटीखालची जमीन वाढली, ओस गावे वसली. औट्रमने खानदेशात शांतता आणली हे खरे आहे आणि ती टिकली, हेही खरे आहे.

पण ही शांतता कोणाच्या अटींवर आली? पलटणीत शिरलेल्या भिल्लाला पगार, गणवेश आणि प्रतिष्ठा मिळाली. डोंगरात राहिलेल्याला त्याच्या जुन्या हक्कांऐवजी सरकारची मर्जी मिळाली. वसलेल्या गावांत सावकार आला. पुढे जंगलाचे कायदे आले आणि जे रान त्याचे होते, तेथून लाकूड आणणे हाच गुन्हा ठरला. तेव्हा औट्रम खानदेशात नव्हता आणि याचा दोष त्याच्या माथी मारणे रास्त होणार नाही. मात्र ज्या दाराने हे सारे आत आले, ते दार उघडणारा तो होता.

१८३५ मध्ये त्याची बदली गुजरातेत महीकांठ्याला झाली. त्याच साली त्याने आपल्या मामेबहिणीशी, मार्गारेट अँडरसनशी विवाह केला. महीकांठ्यात छोट्या ठाकुरांची भांडणे मिटवायची होती. येथे त्याचा हात जास्त कडक पडतो, अशी मुंबई सरकारचीच तक्रार होती.

येथून त्याच्या आयुष्याचा पट एकदम विस्तारतो आणि त्याचे कारण रशिया आहे. रशियाच्या पाठबळाने इराणच्या शाहने १८३७ मध्ये अफगाणिस्तानच्या पश्चिम टोकाच्या हेरातला वेढा घातला. झारचे सैन्य एक दिवस सिंधू ओलांडील, अशी भीती लंडन आणि कलकत्त्याला पडली. त्या भीतीपोटी इंग्रजांनी काबूलच्या गादीवर आपल्या मर्जीतला शाह शुजा बसविण्याचे ठरविले. मित्रराजाचे संरक्षण असे या स्वारीला नाव होते. औट्रम मुंबईच्या फौजेतून सर जॉन कीन याचा एडीसी म्हणून गेला. गझनीची लढाई झाली, दोस्त महंमदाचा पाठलाग झाला, नोव्हेंबर १८३९ मध्ये कलात पडले. कलातहून बातमी घेऊन तो अफगाणी वेषात, शत्रूच्या मुलखातून, आठवडाभरात सुमारे ३५५ मैल दौडत सोनमियानी बंदराला पोचला. धाडस मोठे होते. त्या युद्धात १८४२ मध्ये काबूलहून माघार घेणाऱ्या इंग्रज फौजेचा संहार झाला, हे सर्वश्रुत आहे.

काबूलच्या वाटेवर सिंध होता. तेथील तालपूर अमिरांनी कोणाचे काही बिघडविले नव्हते. परंतु इंग्रज फौजेला वाट हवी होती, सिंधू नदीतून नावा न्यायच्या होत्या आणि ठाणी हवी होती. म्हणून अमिरांवर तह लादले गेले. त्यांच्या मुलखात कंपनीची फौज राहील आणि तिच्या खर्चाचा भार अमिरांनी सोसावा, असे ठरले. औट्रम प्रथम हैदराबादला आणि नंतर सबंध सिंधचा पोलिटिकल एजंट झाला. काबूलमध्ये इंग्रज संकटात असताना अमिरांनी काही गडबड केली नाही, यात त्यांच्याशी त्याने राखलेल्या संबंधांचा मोठा वाटा होता. १८४२ मध्ये सूत्रे सर चार्ल्स नेपियरच्या हाती गेली. नेपियरने आरंभी त्याचे इतके कौतुक केले, की फ्रान्सच्या इतिहासातील निष्कलंक वीर बायार्ड याच्याशी त्याची तुलना केली. हिंदुस्थानचा बायार्ड हे बिरुद तेव्हापासून त्याला चिकटले. पण नेपियरला सिंध घ्यायचाच होता. औट्रमचे म्हणणे असे, की अमिरांना पुराव्याशिवाय कोंडीत पकडले जात आहे. तो त्यांच्याशी बोलणी करीत असतानाच १५ फेब्रुवारी १८४३ रोजी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हजारो बलुच्यांनी हल्ला केला. शंभरेक माणसांनिशी त्याने काही तास तोंड दिले आणि मग नदीतल्या आगबोटींवर माघार घेतली. दोन दिवसांनी मियानीची लढाई झाली आणि सिंध खालसा झाला.

लुटीतील त्याच्या वाट्याचे सुमारे तीन हजार पौंड त्याने स्वतः घेतले नाहीत. ते धर्मादाय कामांना दिले. त्याच्यासारख्या कर्जात वाढलेल्या माणसाला ती रक्कम लहान नव्हती. नेपियर आणि त्याच्यात पुढे अनेक वर्षे छापील वाद चालला. सिंधच्या विजयावर औट्रमने टीकात्मक ग्रंथच लिहिला. त्याची बढती त्यामुळे लांबली.

महाराष्ट्राशी त्याचा संबंध यानंतर पुन्हा आला. १८४४ मध्ये कोल्हापुरात इंग्रजांनी नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांच्या कारभाराविरुद्ध गडकऱ्यांनी उठाव केला. गडांची वंशपरंपरागत रखवाली आणि त्याबद्दलच्या जमिनी काढून घेतल्याचा तो राग होता. खानदेशच्या नाईकांची तक्रार याहून फार वेगळी नव्हती. उठाववाल्यांनी एका बड्या इंग्रज अधिकाऱ्याला दौऱ्यावर असताना पकडून पन्हाळ्यावर डांबले. हा अधिकारी म्हणजे साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स, वीस वर्षांपूर्वी कन्नडला भिल्लांना बैल आणि बियाणे वाटणारा. मधल्या काळात तो साताऱ्याला होता आणि १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठविण्याच्या प्रकरणात त्याचा पुढाकार होता. महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले, ते याच अन्यायाविरुद्ध. डिसेंबर १८४४ मध्ये पन्हाळा पडला. कोल्हापूर आणि सावंतवाडीच्या मोहिमांत औट्रम होता. पुढच्या वर्षी तो ओव्हन्सच्या जागी साताऱ्याचा रेसिडेंट झाला. दोघांची सुरुवात खानदेशात, दोघांची गाठ सातारच्या गादीशी.

सातारचे राज्य औट्रमने बुडविले नाही. तो १८४७ मध्ये बडोद्याला गेला आणि १८४८ मध्ये, शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब वारल्यावर, डलहौसीने ते खालसा केले. रेसिडेंट बदलत राहतात, रेसिडेन्सी आपले काम करीत राहते.

बडोद्याला त्याने हात घातला तो लाचखोरीला. दरबार आणि मुंबईचे सरकारी कचेरीतले लोक यांच्यात पैशांची जी देवघेव चाले, तिला आपल्या भाषेतला ‘खटपट’ हा शब्द इंग्रज अधिकारीही वापरीत आणि तो तसाच त्यांच्या कागदपत्रांत शिरला. औट्रमने रेसिडेन्सीतल्याच माणसांविरुद्ध पुरावे गोळा केले आणि मुंबई सरकारवर ठपका येईल असा अहवाल धाडला. परिणामी त्यालाच पद सोडावे लागले. प्रामाणिक अधिकाऱ्याच्या बदलीची ही गोष्ट वाचकांना नवी वाटणार नाही. लंडनच्या संचालकांनी दखल घेतल्यावर १८५४ मध्ये त्याला मानाने बडोद्याला परत पाठविण्यात आले. तेथून थोडा काळ एडन, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात लखनौ.

अवधची कहाणी जुनी होती. तैनाती फौजेच्या खर्चापोटी कंपनीने १८०१ मध्ये नवाबाचा निम्मा मुलूख घेतला होता. संरक्षण इंग्रजांचे असल्याने नवाबाला स्वतःची फौज बाळगायची गरज उरली नाही, आणि फौज नसल्याने त्याच्या हुकमाला वजन उरले नाही. मग राज्यात अंदाधुंदी आहे, असा ठपका त्याच्यावरच आला. औट्रमने येताच कारभाराची चौकशी केली. मार्च १८५५ मधल्या त्याच्या अहवालात अवधची अवस्था सुधारण्यापलीकडे गेली असून कारभार हाती घ्यावा, असा निष्कर्ष होता. ज्याने सिंधच्या अमिरांसाठी स्वतःची कारकीर्द पणाला लावली, तोच हा माणूस.

या बदलाचा उलगडा त्याचे चरित्रकार आपापल्या परीने करतात. मला वाटते, औट्रमच्या मनात त्यात विसंगती नव्हतीच. अमिरांवर खोटे आरोप झाले असे त्याला वाटले. वाजिद अलीची प्रजा खरोखर पिडलेली आहे असे त्याला दिसले. दोन्हीकडे त्याने डोळ्यांसमोरची गोष्ट पाहिली. ती पाहण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न त्याला पडला नाही. धरणगावला तो पडण्याचे कारण नव्हते. तेथे त्याचा हेतू चांगला होता आणि कामही फत्ते झाले होते. चांगला हेतू आणि सोबत पलटण असली की परक्या घरात शिरता येते, हे त्याने बाविसाव्या वर्षी शिकून घेतले होते.

फेब्रुवारी १८५६ च्या आरंभी त्याने नवाबापुढे नवा तह ठेवला आणि सहीसाठी तीन दिवसांची मुदत दिली. वाजिद अलीने लढाई टाळली, तोफा उतरवून ठेवल्या, डोक्यावरची पगडी काढून औट्रमच्या हाती दिली. सही मात्र दिली नाही. ७ फेब्रुवारीला अवध खालसा झाले. औट्रम त्याचा पहिला चीफ कमिशनर झाला, पण प्रकृती ढासळल्याने काही आठवड्यांतच विलायतेला गेला. बंगाल लष्करातील मोठ्या संख्येने शिपाई अवधच्या खेड्यांतले होते. त्यांच्या घरांत या बातमीचे काय झाले, हे पुढच्या वर्षी कळणार होते.

येथे क्षणभर सरहद्दीपलीकडे पाहिले पाहिजे. ज्या रशियाच्या धास्तीने इंग्रज काबूलला गेले, त्या रशियाने आपल्या शेजारी हेच चालविले होते. जॉर्जियातील कार्तली-काखेती राज्याने १७८३ मध्ये संरक्षणासाठी झारशाहीशी तह केला. १८०१ मध्ये, अवधचा निम्मा मुलूख गेला त्याच साली, ते राज्य रशियात विलीन करण्यात आले. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये फुटल्यावर जॉर्जिया स्वतंत्र झाला, तेव्हा दक्षिण ओसेतिया आणि अबखाझियातील यादवीनंतर १९९२ आणि १९९४ च्या करारांनी तेथे जी शांतिसेना राहिली, तिच्यात मुख्य भरणा रशियन सैनिकांचा होता. ऑगस्ट २००८ मध्ये रशिया-जॉर्जिया युद्ध झाले आणि त्याच महिन्यात रशियाने या दोन्ही प्रांतांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. नागोर्नो-काराबाखमध्ये २०२० मध्ये सुमारे दोन हजार रशियन शांतिसैनिक उतरले; सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने तो प्रदेश घेतला तेव्हा ते बाजूला उभे राहिले आणि तेथील जवळजवळ सर्व आर्मेनियन लोकांना घरे सोडावी लागली. शांतिसेना आज संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या शिरस्त्राणाने ओळखली जाते, आणि तशा सेनांत आपल्या जवानांनीही नाव कमावले आहे. परंतु शेजारचे बलाढ्य राष्ट्रच जेव्हा शांतिरक्षक होते, तेव्हा तो रेसिडेंट की पाहुणा, हा तिबिलिसीतला प्रश्न लखनौत आणि साताऱ्यात आधीच विचारून झालेला आहे.

१८५६ मध्ये हेरातचे प्रकरण पुन्हा पेटले. इराणने ते घेतले आणि इंग्रजांनी युद्ध पुकारले. विलायतेत विश्रांती घेणाऱ्या औट्रमला सेनापती नेमून धाडण्यात आले. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी खुशाबची लढाई आणि मार्चअखेरीस मोहमेराचा पाडाव या दोन विजयांनंतर त्याला कळले, की ४ मार्चलाच पॅरिसमध्ये तह झाला होता. इराणने हेरातवरचा हक्क सोडला. या मोहिमेत त्याच्या हाताखाली हेन्री हॅवलॉक होता.

दोघे परतले तो उत्तर हिंदुस्थान पेटला होता. हॅवलॉक लखनौच्या वेढ्यातील इंग्रजांच्या सुटकेसाठी झगडत होता. औट्रम वरिष्ठ म्हणून येऊन मिळाला आणि त्याने एक विलक्षण गोष्ट केली. सुटकेचे श्रेय हॅवलॉकचे आहे, असे जाहीर करून त्याने सेनापतिपद त्याच्याकडेच ठेवले आणि स्वतः साधा स्वयंसेवक म्हणून घोड्यावर बसला. २५ सप्टेंबरला पाचशेहून अधिक माणसे गमावून ही फौज रेसिडेन्सीत पोचली आणि तीच वेढ्यात अडकली. नोव्हेंबरात सर कॉलिन कॅम्पबेल येईपर्यंत औट्रम आत लढत होता. त्यानंतर मार्च १८५८ पर्यंत चारेक हजार सैनिकांनिशी त्याने आलमबाग धरून ठेवली. बेगम हजरत महलच्या झेंड्याखाली लढणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात खालसा झालेल्या राज्याची सल होती. ते राज्य खालसा करणारा माणूस त्यांच्या समोरच्या तटामागे होता.

लखनौ पडल्यावर गव्हर्नर जनरल कॅनिंगने अवधच्या तालुकदारांच्या जमिनी जप्त करण्याचा जाहीरनामा काढला. औट्रमने त्याला हरकत घेतली. सगळे गमावलेला माणूस जंगलात शिरून शेवटपर्यंत लढेल, असे त्याचे म्हणणे होते आणि जाहीरनाम्याची भाषा त्याने काहीशी मवाळ करून घेतली. शत्रूला परतायला वाट ठेवावी, हे सातमाळ्याच्या डोंगरात शिकलेले होते.

खानदेशातही त्या वर्षांत शांतता नव्हती. सेंधव्याच्या घाटाची रखवाली वडिलांमागोमाग करणारा खाज्या नाईक हा औट्रम आणि ब्रिग्ज यांच्या व्यवस्थेतलाच माणूस. एका दरोडेखोराच्या मृत्यूवरून त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली. १८५७ मध्ये तो भीमा नाईकासह उठला आणि इंदूरकडून येणारा सुमारे सात लाखांचा खजिना त्यांनी लुटला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीच्या डोंगरात इंग्रज फौजेशी त्यांची लढाई झाली. पकडलेल्यांतील अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या आणि शेकडो स्त्रिया कैद झाल्या. धरणगावची भिल्ल पलटण या धामधुमीत सरकारच्या बाजूने राहिली. खाज्या नाईक १८६० मध्ये दग्याने मारला गेला.

त्याच साली औट्रमने हिंदुस्थान सोडला. बॅरोनेट हा किताब आणि गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातील जागा मिळाली होती, पण दम्याने आणि दगदगीने तो थकला होता. हवापालटासाठी फ्रान्समधील पो या गावी गेला असता ११ मार्च १८६३ रोजी तो वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याचे दफन झाले आणि थडग्यावर बायार्डचे बिरुद कोरले गेले. लंडनला थेम्सकाठी त्याचा पुतळा आहे. कलकत्त्याचा घोड्यावरचा भव्य पुतळा स्वातंत्र्यानंतर चौकातून हलवून व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात नेण्यात आला. हुगळीवरच्या घाटाला मात्र त्याचे नाव राहिले. सिंगापुरातही एका भागाला ते आहे.

धरणगावची पलटण त्याच्यामागे अठ्ठावीस वर्षे टिकली. १८९१ मध्ये ती मोडून तिच्यातले शिपाई खानदेशच्या जिल्हा पोलिसांत सामील करण्यात आले.